विश्लेषण : इथेनॉल बनवणाऱ्या यीस्टला उकाडा का सोसत नाही? उष्णता सोसणारे यीस्ट साखर कारखान्यांना काय देईल?

पेट्रोलमधील २० टक्के इथेनॉलमागे राबणारा सूक्ष्मजीव ३५ अंशांच्या पुढे थकू लागतो. त्याला अधिक तापमानात काम करायला लावण्याचे प्रयत्न जगभर सुरू आहेत. कोल्हापूरसारख्या ऊसपट्ट्यात त्याचा हिशेब पाणी, वीज आणि पैसा असा तिन्ही बाजूंनी मांडावा लागतो.

कोल्हापूर शहरातून कळंब्यामार्गे गारगोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाळप हंगामात उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉली नव्या नाहीत. कारखान्यात गेलेल्या उसाची पूर्वी साखर व्हायची, मळी आणि बगॅस मागे उरायचे. आता त्यात इथेनॉलची भर पडली आहे. वारणानगर, शिरोळ, कागल, बिद्री अशा जिल्ह्यातील अनेक ठिकाणच्या कारखान्यांनी साखरेच्या जोडीला आसवनी, म्हणजे डिस्टिलरी उभारली. साखर विकून पैसे हातात यायला महिनोन् महिने लागतात. तेल कंपन्यांकडून इथेनॉलचे पैसे त्यापेक्षा लवकर येतात. त्यामुळे उसाचे बिल वेळेवर देण्यासाठी कारखान्यांची भिस्त इथेनॉलवर वाढली आहे.

पण उसाचे इथेनॉल करणारा खरा कामगार डोळ्यांना दिसत नाही. तो म्हणजे यीस्ट हा एकपेशीय सूक्ष्मजीव. आणि हा कामगार उकाड्याच्या बाबतीत फार नाजूक आहे.

यीस्ट नेमके काय करते?

उसाचा रस काही तास तसाच ठेवला तर त्याला फेस येतो, आंबूस वास सुटतो. आसवनीत हीच क्रिया मोठ्या टाक्यांमध्ये, ताब्यात ठेवून घडवली जाते. मळी किंवा रस पाण्यात मिसळून टाकीत घेतात, त्यात यीस्ट सोडतात. यीस्ट साखर खाते आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते. या प्रक्रियेला किण्वन म्हणतात. टाकीतील आंबलेल्या द्रवाला आसवनीच्या भाषेत ‘वॉश’ म्हणतात. तो उकळून, वाफ वेगळी करून आणि शेवटी उरलेले पाणी काढून टाकून पेट्रोलमध्ये मिसळण्याजोगे इथेनॉल मिळते.

रसायनशास्त्राच्या हिशेबाने १ किलो ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ५११ ग्रॅम, म्हणजे सुमारे ६५० मिलिलिटर इथेनॉल मिळू शकते. प्रत्यक्षात इतके कधीच मिळत नाही. काही साखर यीस्ट स्वतःच्या वाढीसाठी वापरते, काही इतर जिवाणू खातात आणि काही न आंबता तशीच राहते. यातले किती वाचवता येते, ते ज्या गोष्टींवर ठरते, त्यात टाकीचे तापमान महत्त्वाचे आहे.

टाकी तापते ती उन्हामुळे का?

बाहेरच्या उन्हाचा वाटा लहान असतो. टाकी तापते ती मुख्यतः आतूनच. साखर फोडताना यीस्ट उष्णता बाहेर टाकते. १ किलो साखरेमागे ही उष्णता ढोबळमानाने ५५० किलोज्यूल भरते. वॉशमध्ये लिटरला १५० ग्रॅम साखर असेल आणि टाकी अजिबात थंड केली नाही, तर ३० अंशांचा वॉश या हिशेबाने ५० अंशांपर्यंत जाईल. अर्थात तिथे पोहोचण्याच्या खूप आधीच यीस्ट काम सोडून देईल.

दुसऱ्या शब्दांत, १ लिटर इथेनॉल तयार होताना जेवढी उष्णता निघते, तेवढीत सुमारे २० लिटर पाणी १० अंशांनी तापते. दिवसाला ६० हजार लिटर क्षमतेची आसवनी धरली तर रोज १२ लाख लिटर पाणी १० अंशांनी तापवण्याएवढी उष्णता टाक्यांमधून बाहेर काढावी लागते. आणि हे काम दिवसरात्र चालू ठेवावे लागते. पंप काही तास बंद पडले तर ऐन भरात असलेली टाकी तापून बिघडू शकते.

थंड करण्यासाठी काय लागते?

वॉश पंपाने टाकीबाहेर काढून प्लेट हीट एक्स्चेंजरमधून फिरवतात. पातळ धातूच्या पत्र्यांच्या एका बाजूने वॉश, दुसऱ्या बाजूने थंड पाणी वाहते. वॉशची उष्णता घेऊन तापलेले पाणी कूलिंग टॉवरमध्ये वरून खाली सोडतात. त्यातील थोडे पाणी वाफ होऊन उडते आणि उरलेले गार होते.

घरातल्या माठाचे तत्त्व हेच. माठातून झिरपलेले पाणी वाफ होऊन उडते म्हणून आतले पाणी गार राहते. पावसाळ्यात हवा दमट असली की माठातले पाणी फारसे गार होत नाही. कूलिंग टॉवरचेही तसेच आहे. हवा जितकी दमट, तितकी त्याची ताकद कमी. त्यामुळे कोरड्या एप्रिलपेक्षा ढगाळ, कोंदट जूनमधला दिवस टाकीला जास्त जड जाऊ शकतो. टॉवर पुरा पडत नसेल तर चिलर लावावा लागतो आणि विजेचा खर्च वाढतो.

पाण्याचाही प्रश्न आहे. ६० हजार लिटरच्या आसवनीत केवळ किण्वनाची उष्णता काढण्यासाठी दिवसाला ढोबळमानाने २० हजार लिटर पाणी वाफ होऊन उडते, म्हणजे १० हजार लिटरचे दोन टँकर. ज्या परिसरात कळंबा तलावाची पातळी घटली की त्याची बातमी होते, तिथे हा आकडा नगण्य म्हणता येत नाही.

उष्णतेने यीस्टला काय होते?

आसवनीत प्रामुख्याने वापरले जाणारे यीस्ट म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. बेकरीत पाव फुगवणारेही तेच. साधारण ३० ते ३३ अंश सेल्सिअसला ते उत्तम काम करते. ३५ च्या पुढे त्याचा जोम कमी होऊ लागतो आणि ४० च्या आसपास बहुतेक वाणांचे काम जवळपास थांबते.

त्याची कारणे पेशीच्या आत आहेत. पहिले कारण पेशीपटल, म्हणजे पेशीभोवतीचे पातळ आवरण. ते स्निग्ध पदार्थांचे बनलेले असते. थंडीत गोठलेले तूप उन्हाळ्यात पातळ होते, तसे हे आवरण तापमान वाढले की सैल पडते आणि गळू लागते. दुसरे कारण प्रथिने. अंडे तापवले की पांढरे घट्ट होते, कारण त्यातील प्रथिनांची घडी मोडते. यीस्टमधील काही प्रथिनांची घडी त्याहून खूप कमी तापमानालाही बिघडू लागते. बिघडलेली घडी सावरणारी ‘हीट शॉक’ प्रथिने यीस्टकडे असतात. ट्रेहलोज नावाची साखर साठवूनही ते स्वतःचा बचाव करते. पण या बचावात ऊर्जा खर्च होते आणि अल्कोहोल करण्याचे काम मागे पडते.

तिसरे कारण खुद्द अल्कोहोल. तेही पेशीपटल सैल करते. म्हणजे किण्वनाच्या अखेरीस, वॉशमधील अल्कोहोल ८-१० टक्क्यांवर गेलेले असताना, यीस्टला उष्णता आणि अल्कोहोल असा दुहेरी मार बसतो. ३६ अंशांना सुरुवातीला निभावून नेणारे यीस्ट त्याच तापमानाला शेवटी मरते, ते यामुळेच. त्यातच तापमान वाढले की लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्या जिवाणूंचे फावते. यीस्ट थकले की हे जिवाणू तीच साखर खाऊन वॉश आंबट करतात.

एका टक्क्याची किंमत किती?

यीस्टचे काम थोडे बिघडले तर बाहेरून काही दिसत नाही. वॉशमध्ये थोडी साखर शिल्लक राहते, इतकेच. पण हिशेब मोठा होतो. दिवसाला ६० हजार लिटर क्षमतेच्या आसवनीत उत्पादन केवळ १ टक्का घटले तर रोज ६०० लिटर इथेनॉल गेले. केंद्र सरकारने २०२४-२५ या वर्षासाठी बी-हेवी मळीपासूनच्या इथेनॉलला लिटरमागे ६०.७३ रुपये दर ठरवला होता. त्या दराने रोजचे नुकसान ३६ हजार रुपयांवर जाते. आसवनी वर्षात ३०० दिवस चालली तर ही रक्कम सुमारे १ कोटी ९ लाख रुपये होते. सहकारी कारखान्यात हे पैसे अखेर ऊस घालणाऱ्या सभासदांचेच असतात. इथेनॉलच्या उत्पन्नातील वाटा उसाच्या दरात मिळावा, ही शेतकरी संघटनांची मागणी आहे. पण वाट्याच्या आधी उत्पन्न हातात यावे लागते.

हा प्रश्न आताच का वाढला?

पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याची योजना २००३ मध्ये नऊ राज्यांत सुरू झाली, पण बरीच वर्षे ती रडतखडत चालली. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने बी-हेवी मळी आणि उसाच्या रसाचा रस्ता मोकळा केला. जून २०२२ मध्ये देशाने १० टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचा. या काळात आसवन्यांची क्षमता झपाट्याने वाढली.

बी-हेवी मळी आणि रसात आंबण्याजोगी साखर अधिक असते. वॉशमध्ये साखर अधिक घेतली तर अल्कोहोल अधिक मिळते, पण प्रत्येक लिटरमागे उष्णताही अधिक निघते.

दुसरा बदल हंगामाचा. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले, ते ऑगस्ट २०२४ मध्ये उठवले. अशा चढउतारांमुळे केवळ उसावर विसंबणे कारखान्यांना जोखमीचे वाटू लागले. मार्च २०२५ मध्ये केंद्राने सहकारी कारखान्यांच्या आसवन्या मका आणि खराब धान्यावरही चालाव्यात यासाठी व्याज सवलतीची योजना आणली. म्हणजे गाळप संपल्यावर, एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात आणि जूनच्या कोंदट हवेतही टाक्या चालू राहणार. कोल्हापुरात एप्रिल-मेमध्ये दुपारचा पारा ३६ ते ३८ अंशांच्या घरात असतो. यीस्टला सोसणारी हवा थंडीतल्या गाळप हंगामात मिळते. आसवनी बारमाही झाली की ती सवलत राहत नाही.

उष्णता सोसणारे यीस्ट कसे मिळवतात?

यासाठी तीन वाटा आहेत.

पहिली वाट शोधाची. निसर्गात काही यीस्ट मुळातच काटक असतात. ते गरम, गोड आणि आंबट जागी सापडण्याची शक्यता जास्त, म्हणजे साखर कारखाने आणि आसवन्यांच्या आवारातच. उत्तर आयर्लंडमधील अल्स्टर विद्यापीठाचे इब्राहिम बनत, पूनम निगम आणि रॉजर मर्चंट यांनी १९९२ मध्ये भारतात गोळा केलेल्या नमुन्यांतून ५२ अंशांपर्यंत वाढणारे आणि ४५ अंशांना अल्कोहोल करणारे यीस्ट वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. ते क्लुव्हेरोमायसिस मार्क्सियानस या प्रजातीचे होते. २०१९ मध्ये नवी दिल्लीतील ‘आयसीजीईबी’ या संस्थेच्या संशोधकांनी उसाच्या आसवनीतील टाकाऊ पदार्थातून ‘एनजीवाय१०’ नावाचे सॅकरोमायसिसचे काटक वाण शोधून काढले. ब्राझीलच्या इथेनॉल उद्योगात गाजलेली ‘पीई-२’ आणि ‘कॅट-१’ ही वाणेही तिथल्या आसवन्यांतच सापडलेली आहेत. बाहेरून आणून टाकलेल्या यीस्टला मागे सारून जे टाक्यांमध्ये टिकले, तेच पुढे निवडले गेले.

दुसरी वाट सवयीची. यीस्टला त्याला जेमतेम सोसेल अशा तापमानात वाढवत ठेवायचे. त्यातले जे जगतात त्यांनाच पुढे न्यायचे, असे शेकडो पिढ्या करायचे. शेतकरी चांगल्या कणसाचे बियाणे राखून ठेवतो, तसेच हे. स्वीडनमधील चामर्स विद्यापीठात लुईस कास्पेटा आणि जेन्स नील्सन यांच्या गटाने ४० अंशांच्या जवळपास सुमारे ३०० पिढ्या यीस्ट वाढवले. ते संशोधन २०१४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. टिकलेल्या यीस्टच्या जनुकांची तपासणी केली तेव्हा ‘ईआरजी३’ या जनुकात बदल झालेला आढळला. पेशीपटलाला घट्टपणा देणारा एर्गोस्टेरॉल हा पदार्थ कमी होऊन त्याच्या जागी फेकोस्टेरॉल हा वेगळ्या आकाराचा पदार्थ आला होता. उष्णतेचा पहिला फटका जिथे बसतो, त्या आवरणाची घडण बदलून यीस्टने मार्ग काढला होता.

तिसरी वाट थेट जनुकात बदल करण्याची. कोणते जनुक उपयोगी हे कळले की तोच बदल दुसऱ्या चांगल्या वाणात करता येतो. यीस्टची जनुके सुमारे ६ हजार. त्याचा संपूर्ण जनुकीय आराखडा १९९६ मध्येच वाचून झाला आहे. क्रिस्परसारख्या तंत्रामुळे हवे ते जनुक बंद करणे किंवा बदलणे आता प्रयोगशाळेत अवघड राहिलेले नाही.

मग असे यीस्ट सर्रास का वापरले जात नाही?

कारण उष्णता सोसणे हा एका जनुकाचा खेळ नाही. पेशीपटल, प्रथिने, साठवलेली साखर, ऊर्जेचा वापर अशा अनेक गोष्टी एकत्र जुळून याव्या लागतात. एक बाजू सुधारली की दुसरी बिघडू शकते.

कास्पेटा आणि नील्सन यांनीच २०१५ मध्ये पुढचा निष्कर्ष मांडला. ४० अंशांना तरबेज झालेले हे यीस्ट मूळच्या ३० अंशांना आपल्या पूर्वजांपेक्षा मागे पडत होते. आसवनीत टाकीचे तापमान दिवसभर एकच नसते. रात्री गारवा, दुपारी उकाडा. दोन्हीकडे चालणारे यीस्ट हवे असते.

क्लुव्हेरोमायसिसची अडचण वेगळी. ते उष्णता सोसते, पण अल्कोहोल सोसण्यात सॅकरोमायसिसच्या मागे आहे. वॉशमध्ये अल्कोहोल कमी राहिले तर तेवढेच इथेनॉल मिळवायला जास्त पाणी उकळावे लागते. थंड करण्यात वाचलेला खर्च मग वाफेत जातो. अल्कोहोल सोसण्यावर अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी ‘सायन्स’च्या त्याच २०१४ च्या अंकात एक उपाय दाखवला होता. वाढीच्या द्रवात पोटॅशियम वाढवले आणि आम्लता कमी केली तर तेच यीस्ट अधिक अल्कोहोल सोसते. जनुकांना हात न लावताही बरेच साधता येते, याचा तो दाखला होता.

शिवाय प्रयोगशाळेतील स्वच्छ ग्लुकोज आणि कारखान्याची मळी यांत मोठे अंतर आहे. मळीत क्षार असतात, रंगद्रव्ये असतात, सोबत जिवाणूही येतात. चंचुपात्रात जिंकलेले वाण दोन-अडीच लाख लिटरच्या टाकीत जिंकेलच असे नाही. त्यामुळे कोणत्याही नव्या वाणाची कसोटी त्याच कारखान्याच्या मळीवर घ्यावी लागते.

जनुक बदललेल्या यीस्टला भारतात परवानगी आहे का?

थेट बंदी नाही, पण नियम कडक आहेत. पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ च्या नियमांनुसार जनुकीय बदल केलेल्या सूक्ष्मजीवांवरील काम जैवसुरक्षा समित्यांच्या देखरेखीखाली होते आणि औद्योगिक वापरासाठी मंजुरी लागते. २०२२ मध्ये केंद्राने परके जनुक न घालता संपादित केलेल्या काही प्रकारच्या वनस्पतींना या नियमांतून सवलत दिली. ती वनस्पतींपुरती आहे, सूक्ष्मजीवांसाठी नाही.

अमेरिकेत मक्याच्या इथेनॉल उद्योगात जनुकीय बदल केलेले यीस्ट गेल्या दशकापासून वापरात आहे. तिथे त्यात स्टार्च फोडणारे विकर बनवण्याची क्षमता घातलेली असते. आपल्याकडे निसर्गात शोधलेले किंवा सवय लावून घडवलेले वाण ही जवळची वाट ठरते, कारण त्यात बाहेरचे जनुक घातलेले नसते.

महाराष्ट्रात त्यासाठीचा पाया आहे. पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेली मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आसवन्यांना तांत्रिक मार्गदर्शन करते. आसवनी प्रकल्प उभारणारी प्राज इंडस्ट्रीजही पुण्याचीच.

बगॅस आणि काडीकचऱ्यापासूनच्या इथेनॉलला याचा काय उपयोग?

इथे उपयोग कदाचित सर्वांत मोठा आहे. बगॅस, पाचट किंवा भाताच्या पेंढ्यातील साखर सेल्युलोजमध्ये अडकलेली असते. ती मोकळी करणारी विकरे ५० अंशांच्या आसपास उत्तम चालतात, तर यीस्टला ३० ते ३३ अंश हवे असतात. दोन्ही कामे एकाच टाकीत करायची तर तडजोड करावी लागते आणि दोघांचाही वेग मंदावतो. यीस्ट ४० ते ४५ अंशांना काम करू लागले तर वेळ वाचेल आणि महागडी विकरेही कमी लागतील. हरियाणात पानिपतला इंडियन ऑइलचा भाताच्या पेंढ्यावरील इथेनॉल प्रकल्प ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. त्याचे तंत्रज्ञान प्राजचे आहे.

नदीला काही फरक पडेल का?

इथेनॉल काढून घेतल्यावर उरणारा गडद, आंबट द्रव म्हणजे स्पेंटवॉश. तो किती उरतो, हे वॉशमध्ये अल्कोहोल किती टक्के होते त्यावर अवलंबून असते. ८ टक्के अल्कोहोल असेल तर १ लिटर इथेनॉलसाठी साडेबारा लिटर वॉश लागतो. १२ टक्के असेल तर साडेआठ लिटरच्या आत भागते. म्हणजे उष्णतेतही अल्कोहोल चढते ठेवणारे यीस्ट मिळाले तर स्पेंटवॉश कमी होईल आणि तो आटवण्यासाठी लागणारी वाफही वाचेल. आसवन्यांनी स्पेंटवॉशचा थेंबही बाहेर सोडू नये, असा नियम आहे. तरीही साखर कारखाने आणि आसवन्यांचे सांडपाणी हा पंचगंगेच्या काठी जुना वाद आहे. यीस्ट बदलून नियम मोडणारा सुधारणार नाही, पण नियम पाळणाऱ्याचा खर्च मात्र कमी होईल.

तोपर्यंत कारखान्यांच्या हातात काय आहे?

४५ अंशांना १२ टक्के अल्कोहोल देणारे यीस्ट उद्या दुकानात मिळणार नाही. पण तेवढ्याची गरजही नाही. ३३ ऐवजी ३६ अंशांना तेच उत्पादन देणारे वाण मिळाले तरी दमट महिन्यांत चिलरचा खर्च टळू शकतो. कूलिंग टॉवर आणि हीट एक्स्चेंजरची वेळेवर सफाई, टाक्यांच्या तापमानाची तासागणिक नोंद, जिवाणूंवर नियंत्रण आणि आपल्याच आवारात टिकून राहिलेल्या यीस्टची तपासणी ही कामे आजच करता येतात.

सभासदांनाही याकडे पाहता येईल. वार्षिक सभेत उसाचा दर आणि साखर उतारा यांवर घमासान चर्चा होते. इथेनॉलच्या बाबतीत मात्र एकूण लिटरचा आकडा ऐकून विषय संपतो. किण्वनाची कार्यक्षमता किती टक्के, वॉशमध्ये अल्कोहोल किती, एप्रिल ते जूनमध्ये हे आकडे किती घसरले, हे तीन प्रश्न विचारले तरी टाकीतल्या उष्णतेचा हिशेब समोर येईल. साखर उतारा जसा टक्क्यांत मोजला जातो, तसा हा उताराही मोजायला हवा.